झाड तोडायच्या आधी एक टोपली फळं उतरवा

अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. त्यातही ज्यांच्या ड्राइव्हवेच्या कडेला किंवा मागच्या लॉनवर क्रॅबॲपलचं झाड आहे आणि जे दर सप्टेंबरला त्याच्या नावाने बोटं मोडतात, त्यांच्यासाठी. मे महिन्यात याच झाडाचे फोटो तुम्ही नाशिक-सांगलीला पाठवता. फुलांनी फांदी दिसत नाही, शेजारीपाजारी थांबून बघतात, तेव्हा झाड लाडकं असतं. चार महिन्यांनी लाल-पिवळ्या फळांचा सडा पडतो, ती चपलांना चिकटून घरात येतात, गाडीवर डाग पडतात, गांधीलमाश्या जमतात, आणि मग लॉनवाल्याला विचारलं जातं, की हे काढायला किती घेशील?

तो सांगेल ती रक्कम काही थोडी नसते. पण पैशाचं सोडा. ते फळ खाण्याचं आहे. शोभेचं आहे, पक्ष्यांचं आहे, हे सगळं खरंच. पण माणसांचंही आहे. आणि आंबट-तुरट फळाचं काय करायचं हे आपल्या घरात कुणी शिकवायला नको. कैरी, आवळा, चिंच, करवंद, कवठ यांच्यावर वाढलेली माणसं आपण. तेव्हा माझी विनंती एवढीच, की या वर्षी झाडाला हात लावू नका. एक टोपली उतरवा, शिजवून बघा, मग काय ते ठरवा.

"विषारी असतं म्हणे" हे मी मंडळाच्या गणपतीत ऐकलं आहे, वाढदिवसांना ऐकलं आहे, मुलांच्या बसस्टॉपवर तर हमखास. कोण म्हणतं, ते कुणालाच सांगता येत नाही. क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदच. दोघांचा वंश एक, मालुस. फळाचा व्यास दोन इंचांपर्यंत असला की अमेरिकेतले बागवाले त्याला क्रॅबॲपल म्हणतात आणि त्याहून मोठं असलं की ॲपल. ही रेघ माणसांनी सोयीसाठी ओढलेली आहे. बियांमध्ये ॲमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि बी चावली की त्यातून सायनाइड सुटतं, हे खरं आहे. पण दुकानातून आणलेल्या गाला-फुजीच्या बियांनाही तेच लागू आहे, आणि म्हणून आपण सफरचंद आणायचं थांबवलेलं नाही. चार बिया चुकून पोटात गेल्या तर काही होत नाही. मूठभर बिया चावून खायच्या नाहीत आणि फळं बियांसकट मिक्सरमध्ये घालायची नाहीत, एवढं पाळायचं. मिक्सरचं मुद्दाम सांगते, कारण आपला हात पहिल्यांदा तिकडेच जातो.

खरं तर हे फळ खाणं ही जुनी गोष्ट आहे, विसरणं नवीन. आजच्या मोठ्या सफरचंदाचं मूळ कझाकस्तानात, तिएनशान पर्वताच्या उतारांवर. अल्माटी शहराच्या आसपास रानसफरचंदांची जंगलं आहेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह 1929 मध्ये तिथे गेले आणि सफरचंदाचं जन्मस्थान हेच, असं त्यांनी मांडलं. पुढे जनुकांच्या अभ्यासातूनही तेच दिसलं. तिथून व्यापाऱ्यांच्या वाटेने ते फळ पश्चिमेकडे गेलं आणि वाटेत युरोपातल्या आंबट रानटी क्रॅबॲपलशी त्याचा संकर होत राहिला. म्हणजे आपण डब्यात देतो त्या सफरचंदातही क्रॅबॲपलचा वाटा आहेच. इंग्लंडमध्ये ही फळं भाजून गरम बिअरमध्ये टाकत. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला पक म्हातारीची फजिती करायला तिच्या पेल्यातल्या भाजलेल्या क्रॅबॲपलचं रूप घेतो, तो उगाच नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते सांगावं लागत नव्हतं. लिंबू महाग होतं तेव्हा क्रॅबॲपलचा आंबट रस तिथे स्वयंपाकात वापरत.

अमेरिकेत युरोपातले लोक येण्याआधी गोड सफरचंद नव्हतं, क्रॅबॲपल मात्र होतं. पूर्वेकडे एक जात, मध्यातल्या गवताळ प्रदेशात दुसरी, दक्षिणेत तिसरी, पॅसिफिक किनाऱ्यावर चौथी. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी ही फळं लाकडी पेट्यांत पाण्याखाली बुडवून हिवाळ्यासाठी ठेवत आणि ती तशीच मऊ पडत जात. पुढे प्रेअरीत वसाहती झाल्या तेव्हा पूर्वेकडून आणलेली सफरचंदाची झाडं तिथल्या थंडीत मरायला लागली. तिथेही क्रॅबॲपलच कामाला आलं. साउथ डकोटाच्या कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक नील्स हान्सेन यांनी रशियातून आणलेल्या बियाण्यातून 'डोल्गो' नावाचं वाण तयार केलं आणि 1917 मध्ये लोकांना दिलं. ते आजही मिळतं आणि माझ्या मते शिजवायला त्याच्या तोडीचं दुसरं नाही. त्या काळच्या शेतकरी घरांत दालचिनी-लवंगेच्या पाकात मुरवलेली अख्खी क्रॅबॲपलं सणाच्या जेवणात असायची. तुमच्या गल्लीत ऐंशीच्या पुढची एखादी अमेरिकन आजी असेल तर तिला विचारून बघा. डोळे चमकतात की नाही ते सांगा.

मग हे सगळं गेलं कुठे? सुपरमार्केटात बारा महिने गोड सफरचंद मिळायला लागलं, जेलीची बाटली दीड-दोन डॉलरला आली, आणि नर्सरीवाल्यांनी क्रॅबॲपलची निवड फुलांसाठी करायला सुरुवात केली. फूल मोठं हवं, रंग गडद हवा, फळ जितकं बारीक तितकं बरं, कारण मग ते झाडावरच सुकतं आणि पक्षी खाऊन टाकतात. नव्या वसाहतींमध्ये बिल्डर लावतात ती झाडं बहुतेक अशीच. 'प्रेअरीफायर' हे इलिनॉय विद्यापीठातून आलेलं वाण तुम्ही रोज बघत असाल. गडद गुलाबी फूल आणि जेमतेम वाटाण्यापेक्षा थोडं मोठं लालजांभळं फळ. 'स्प्रिंग स्नो'ला तर फळच धरत नाही.

म्हणून पहिलं काम, आपलं झाड ओळखायचं. नाव कळलं नाही तरी चालेल, फळाचा आकार बघा. वाटाण्याएवढं असेल तर माझं आवाहन तुमच्यापुरतं मागे घेते. त्यात बी आणि साल सोडून हाती काही लागत नाही, ते पक्ष्यांना राहू द्या. मोठ्या बोराएवढं किंवा त्याहून मोठं असेल तर पुढे वाचा. एक फळ आडवं कापा. आत पाच कप्प्यांची चांदणी दिसली पाहिजे, सफरचंदात दिसते तशीच. बिया तपकिरी झाल्या असतील तर फळ तयार आहे. पांढऱ्या असतील तर आठ-दहा दिवस थांबा. मग एक तुकडा चाखा. काही झाडांचं फळ तसंच खाता येतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'चेस्टनट' वाणाचं फळ तर गोडसर आणि खमंग लागतं, मुलं झाडाखालीच संपवतात. बहुतेकांचं मात्र आंबट आणि तुरट, कच्च्या जांभळासारखी जीभ जड करणारं. हे वाईट लक्षण नाही. शिजवल्यावर हाच तुरटपणा जॅमला आणि मुरंब्याला नुसत्या गोडाच्या पलीकडची चव देतो.

दिसायला फसवणारी दोन-तीन झाडं आहेत, तीही सांगते. हॉथॉर्नला काटे असतात, पान कातरलेलं असतं आणि फळात कडक आठळ्या असतात. माउंटन ॲशची फळं केशरी घोसात येतात आणि पान कढीपत्त्याच्या पानासारखं अनेक पानांचं मिळून असतं. कुंपणाला लावलेलं यू नावाचं सुईच्या पानांचं झुडूप मात्र खरंच विषारी आहे. त्याची मऊ लाल फळं बघून मुलं भुलतात, तेव्हा ते मुलांना आधी दाखवून ठेवा. आणि हिवाळ्यात फ्लोरिडाला किंवा कॅरिबियन क्रूझवर जाणाऱ्यांनो, समुद्रकाठी मॅनचिनील नावाचं झाड असतं, त्याची हिरवट फळं हुबेहूब लहान सफरचंदासारखी दिसतात आणि तो विषय जिवावरचा आहे. त्या झाडाखाली पावसात उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. क्रॅबॲपल तिथे वाढत नाही. समुद्रकाठी सफरचंद दिसलं तर हात खिशात.

औषधफवारणीचा मुद्दा मला विषाच्या गप्पांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. शोभेच्या झाडांवर मारायची औषधं खाण्याच्या फळांसाठी तपासलेली असतीलच असं नाही. काही कीटकनाशकं मुळाशी ओततात, ती झाडाच्या अंगात भिनतात आणि पुढच्या मोसमापर्यंत राहू शकतात. फळं धरूच नयेत म्हणून फुलांवर इथेफॉन मारणारेही आहेत. लॉनची कंपनी लावली असेल तर तिला लेखी विचारा, की या झाडाला गेल्या वर्षात आणि या वर्षात काय काय दिलं? उत्तर नीट आलं नाही तर यंदा फळं खाऊ नका, फवारणी बंद करायला सांगा आणि पुढच्या वर्षाची वाट बघा. घर नुकतंच घेतलं असेल तर आधीच्या मालकालाही विचारता येतं. मोठ्या वर्दळीच्या रस्त्याकडेची झाडंही मी सोडून देते.

उतरवताना झाडावरचीच फळं घ्या. खाली पडलेली टाका. आपल्या लॉनवर रात्री हरणं येतात, ससे येतात, त्यांची घाण गवतात असते आणि ई. कोलायसारखे जंतू तिथूनच येतात. शिवाय पडून सडलेल्या सफरचंदावरच्या बुरशीत पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं, ते शिजवूनही पुरतं जात नाही. म्हणून किडका भाग काढून टाकला तर चालेल, सडलेलं फळ मात्र आख्खं टाकायचं. सालीवर काळपट खवले असतील तर घाबरू नका. तो स्कॅब नावाचा बुरशीचा रोग आहे, फळ दिसायला वाईट होतं पण खायला बाधत नाही. खवले सोलून टाका. कुत्रा असेल तर पडलेली फळं रोज झाडून टाका, कारण आंबलेल्या फळांनी कुत्र्यांची पोटं बिघडतात आणि जास्त खाल्ली तर चक्क चढते.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. सुरुवात जेलीपासून करा, कारण यात बिघडण्यासारखं फार कमी आहे. क्रॅबॲपलमध्ये पेक्टिन भरपूर असतं, दुकानातून पावडर आणावी लागत नाही. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर हे तिन्ही जमले की जेली धरते, आणि त्यातले दोन झाडच देतं. तीन पौंड फळं धुऊन देठ आणि बुडाची वाळकी टोकं काढा, दोन-दोन तुकडे करा. सोलायचं नाही, बिया काढायच्या नाहीत. तीन कप पाणी घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, मऊ होईपर्यंत शिजवा. भांडं स्टीलचं घ्या. इतक्या आंबट रसाला ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ चालत नाही. मग चक्क्यासाठी दही बांधतो तसं पंच्यात बांधून रात्रभर टांगा. पिळायचं नाही. पिळलं तर रस गढूळ होतो, चव तीच राहते, पण मग पाहुण्यांसमोर ठेवताना तुम्हीच कुरकुर कराल. साधारण चार कप रस निघेल. तेवढीच साखर घालून मोठ्या भांड्यात खळखळून उकळा. उकळत्या पाण्याच्या तापमानापेक्षा आठ अंश फॅरनहाइट वर गेलं की झालं. समुद्रसपाटीला म्हणजे 220. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या शहरात पाणीच 202 च्या सुमारास उकळतं, तेव्हा तिथे 210. थर्मामीटर नसेल तर चमचा आडवा धरा. थेंब सुटे न पडता एकमेकांत मिसळून पापुद्र्यासारखे सुटले की गॅस बंद. आमच्या घरी ही जेली टोस्टपेक्षा थालीपिठाबरोबर जास्त जाते.

पंच्यात उरलेला चोथा टाकू नका. इथे पुरणयंत्र बाहेर काढा. माळ्यावर, बेसमेंटमध्ये, आईने बॅगेत कोंबून दिलेलं जे असेल ते. बारीक जाळी लावा. बिया, साल, कप्प्यांचे कडक पापुद्रे वर राहतात, गर खाली येतो. अमेरिकन लोक याच कामासाठी फूड मिल म्हणून जे घेतात ते हेच यंत्र आहे. गर घेतला की अर्धी लढाई संपली. गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून पन्हं करा. कैरीच्या पन्ह्याची बरोबरी करतं असं मी म्हणणार नाही, पण ऑक्टोबरात कोमट प्यायला छान लागतं. किंवा गरात साखर घालून आटवा आणि बेकिंग शीटवर कागद घालून पातळ पसरा. ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर, दार किंचित उघडं, पाच-सहा तास, कधी जास्त. बोटाला चिकटेनासं झालं की काढा. रत्नागिरीची आंबापोळी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना पुढे सांगायला नको. मुलांच्या डब्यात दुकानची रंगवलेली फ्रूट रोल जाण्यापेक्षा हे कधीही बरं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो मेथांबा. तेलाच्या फोडणीत मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद. मेथी लालसर झाली पाहिजे, काळी नाही. त्यात क्रॅबॲपलच्या फोडी, बिया काढलेल्या, साल तशीच. लाल तिखट, मीठ आणि लगेच गूळ. कैरीच्या मेथांब्यात आपण फोडी आधी वाफवतो आणि गूळ मागून घालतो. इथे क्रम बदला, कारण क्रॅबॲपल चार मिनिटांत विरघळतं. गूळ आधी पडला की फोड धरून राहते. पाणी अजिबात नको. फोडींना बाहेरून आंबट-गोड चढलेलं आणि आतून तुरटपणा शिल्लक, अशी जी चव येते ती कैरीच्या मेथांब्याला नसते. हे मी कोकणातल्या माणसांसमोरही म्हणायला तयार आहे.

अख्ख्या फळांचा मुरंबाही होतो. डोल्गोसारखी मध्यम फळं घ्या, देठ ठेवा, दिसायला सुंदर दिसतात. मोरावळ्याच्या आवळ्याला टोचे मारतो तसे प्रत्येक फळाला काट्याने मारा, नाही तर पाकात साल फुटून सगळा लगदा होतो. पाक पातळ ठेवा, फळं मंद आचेवर थोडी शिजवा, त्याच पाकात रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी फळं बाजूला काढून पाक आटवा. दालचिनी, चार लवंगा. अमेरिकन कृतीत व्हिनेगर असतं; मी घालत नाही.

लोणचं करायचं तर जरूर करा, बाजारचा लोणच्याचा मसाला चालतो, पण एक ऐका. वर्षभर कपाटात टिकणारं लोणचं करायच्या भानगडीत पडू नका. कैरीच्या लोणच्याचं मिठाचं-तेलाचं प्रमाण पिढ्यान् पिढ्या बसलेलं आहे, या फळाचं नाही. लहान बरणी करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा. मेथांब्यालाही हेच लागू. जेली कपाटात ठेवायची असेल तर निर्जंतुक बरण्यांत भरून, झाकणं लावून, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवतात. हजार फुटांच्या वर राहणाऱ्यांना वेळ वाढवावा लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचं घरगुती कॅनिंगचं मार्गदर्शन मोफत मिळतं, तेवढं एकदा वाचा. आणि मधुमेह असलेल्यांनी बरणीकडे बघून हळहळण्यापेक्षा आमटीत घाला: तुरीच्या वरणात चिंच-कोकमाऐवजी बिया काढलेली चार-पाच फळं शिजवून, पळीने दाबून घोटायची. छान आंबटपणा येतो आणि साखरेचा प्रश्न येत नाही.

कामाला माणसं कोण, हा प्रश्न असतो. अनेक घरांत उन्हाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले असतात. दिवसभर घर रिकामं, गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरच्या मालिका संपलेल्या. क्रॅबॲपलचा मोसम नेमका त्यांच्या परतीच्या आधी येतो. त्यांच्यापुढे टोपली ठेवा आणि विचारा, आई, याचं काय करता येईल? कृती माझ्याकडून घेण्यापेक्षा त्यांच्याकडून घ्या. त्या हाताला पाकाची तार कळते, माझ्या लेखातल्या अंशांची त्यांना गरज नाही.

झाडाची निगा थोडक्यात. जुलैतच पानं पिवळी पडून गळत असतील तर तो स्कॅब; पडलेली पानं शरदात उचलून टाकली की पुढच्या वर्षी जोर कमी होतो. फांदीचा शेंडा जळल्यासारखा काळा होऊन आकड्यासारखा वाकला असेल तर तो फायर ब्लाइट, जिवाणूंचा रोग. कोरड्या दिवशी रोगट भागाच्या फूटभर खालून फांदी कापा आणि प्रत्येक काप झाल्यावर कात्री स्पिरिटने पुसा. बुंध्यापासून फुटणारे सरळ फुटवे काढत जा, कारण झाड कलमी असतं आणि ते फुटवे खालच्या खुंटाचे असतात.

आणि ज्यांना नवीन झाड लावायचं आहे त्यांनी नर्सरीत 'फुलांचं दाखवा' म्हणू नये, 'खायचं दाखवा' म्हणावं. थंड राज्यांत आणि कॅनडात डोल्गो, चेस्टनट, सेंटेनियल, व्हिटनी. जॉर्जिया-कॅरोलायनाकडच्यांनी 'कॅलवे' मागावं, त्याला उष्णता सोसते आणि फळही मोठं येतं. इंग्लंडमध्ये 'जॉन डाउनी', जुनं आणि खात्रीचं. तिथे तर गावाबाहेरच्या कुंपणांतही रानटी क्रॅबॲपल सापडतं. बी पेरून आईबापासारखं झाड येत नाही, कलमच घ्या. जवळपास कुणाकडे खायच्या सफरचंदाचं झाड असेल तर त्यालाही तुमच्या झाडाचा फायदा आहे. सफरचंदाला बहुधा दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात आणि क्रॅबॲपल ते भरपूर देतं. हिमाचलातले बागायतदार याच कामासाठी बागेत मधूनमधून मांचुरियन किंवा गोल्डन हॉर्नेट लावतात. पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांसाठी बॅगेत रोप किंवा बी मात्र नेऊ नका. एक तर क्वारंटीनचे नियम आडवे येतात, आणि हिवाळ्याची कडक थंडी मिळाल्याशिवाय हे झाड धड फुलतच नाही.

तुमच्या दारात झाड नसेल तर गावात नक्की असतात: ग्रंथालयाच्या आवारात, चर्चच्या पार्किंगमध्ये, दातांच्या दवाखान्यासमोर. विचारल्याशिवाय तोडू नका. पार्कमधली झाडं महापालिकेची असतात आणि काही ठिकाणी फळं तोडायला मनाई असते, तेव्हा पार्क विभागाला आधी फोन करा. खासगी जागेत बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांनाही तो सडा साफ करावाच लागतो. फवारणीचं त्यांनाही विचारा. परवानगी मिळाली तर एक बरणी त्यांना पोचवा आणि बरणीवर त्यात काय काय आहे ते इंग्रजीत लिहा. मोहरीची ॲलर्जी असणारी माणसं इथे असतात आणि मेथांबा म्हणजे काय हे त्यांना विचारायचा संकोच वाटतो.